वाढत्या डोक्याची टोपी

सोमवार, ३ मार्च

ताई,

सगळ्यांत आधी आला तो चष्मेवाला. बाकीची मंडळी खालीच होती आणि हा तीन मजले चढून दारात उभा, छातीशी पत्र्याची पेटी धरलेली, जसं काही आत कोणाचं तान्हं झोपलंय. मी म्हटलं, "काय विकायचं असेल ते शेजारी विका, त्यांच्याकडे सगळं खपतं." तर म्हणतो, "आजी, विकायला नाही, दाखवायला आणलंय." मग धापा टाकत आल्या भिंगरीच्या कामावरच्या मुख्य बाई. पांढरे केस बारीक कापलेले, पायात पुरुषी बूट, आणि नजर अशी की समोरच्याचं बटण सैल असेल तर आधी तेच दिसावं. मला आवडल्या. भिंगरी अजून जिन्यातच होती, दुसरी पेटी घेऊन.

भिंगरी म्हणजे माझी नात. तुला सांगायची गरज नाही, पण लिहून ठेवलेलं बरं. माझी.

सतरा वर्षांनी पत्र लिहितेय आणि तब्येत न विचारता चष्मेवाल्यापासून सुरुवात केली, म्हणजे तू म्हणशील, हिची अक्कल अजून चौथीच्याच वर्गात बसली आहे. बसू दे. शाळाही तिथेच सुटली माझी. गोष्ट पोटात राहीना म्हणून लिहायला घेतलं. तुला जळवायला नाही.

तर मुख्य बाईंनी बसायच्याही आधी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "चुण्यांच्या आजी त्या तुम्हीच ना? आमचं सगळं काम तुमच्या चुण्यांवर उभं आहे." आता एवढी शिकलेली बाई तीन मजले चढून आलेली, तिला दारातच कशाला तोडायचं? मी त्यांना पाणी दिलं.

पेटीत काय होतं माहीत आहे? अँटेना. आपण गच्चीवर काठीला बांधायचो तसली नव्हे. अर्ध्या काडेपेटीएवढा तुकडा, त्यावर तांब्याची नक्षी. अशा सोळा. त्या माणसाच्या डोक्याभोवती बसवायच्या. एक बारीकशी लहर सोडते, ती कवटीतून आत जाते, आणि बाकीच्या पंधरा ऐकत बसतात. मग दुसरी बोलते, पंधरा ऐकतात. सोळा जणींचं बोलून झालं की कॉम्प्युटर मेंदूचं चित्र काढतो. आत कुठे रक्त साकळलं किंवा शीर फुटली असेल तर तिथून लहर वेगळी होऊन येते. मी विचारलं, "सोळा जणी, आणि एका वेळी एकच बोलते? आमच्या जिन्यात दोघी असल्या तरी हे जमत नाही." मुख्य बाईंना हसता हसता ठसका लागला.

यातली मेख भिंगरीने सांगितली. जाड सुराची लहरच कवटी ओलांडते, आणि जाड सुराला अँटेना लांब लागते. लांब अशा सोळा बसवायच्या तर डोकं हंड्याएवढं हवं. म्हणून तिने तांब्याची पट्टी घडीवर घडी घालून वळवली. लांबी तेवढीच, जागा चिमूटभर. म्हणजे घेरदार कापड चुण्या घालून लहान कमरेत बसवतो ना, तेच. हे तिला कसं सुचलं, यावर पुष्कळ बोलणं झालं. ते सगळं लिहीत बसत नाही.

आता त्यांना हवी आहे टोपी. सोळा खिशांची, कापडाची, कोणाच्याही डोक्यावर चपखल बसणारी. अँटेना आणि कातडी यांच्यात हवेची फट राहिली की लहर दारावरूनच मागे फिरते. प्लास्टिकचं शिरस्त्राण करून पाहिलं, एकाच्या डोक्याला बसतं, दुसऱ्याच्या डोक्यावर डुगडुगतं. तर टोपी मी शिवणार आहे. मी.

भिंगरीने तुला मध्यंतरी एक पाकीट पाठवलं होतं म्हणे. मिळालं का? नसेल मिळालं. हल्ली टपालाचं काही खरं नाही.

धाकटी


गुरुवार, १३ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. माझी अपेक्षाही नव्हती. फोन तू उचलत नाहीस हे जगाला माहीत आहे, पत्राचं तरी काय वेगळं.

टोपी झाली. आठ दिवस दुसरं काही केलं नाही. शेजारीण दोनदा डोकावली, "कोणाचं बारसं आहे?" मी म्हटलं, "मेंदूचं." ती गेली ती परत आली नाही. पांढरं मऊ कापड, दुहेरी, सोळा खिसे, प्रत्येकाला आत जायला एक बारीक काज, तारेसाठी. काजं माझीच. काजांत माझा हात कोणी धरू शकत नाही, हे तुलाही कबूल करावं लागेल. दुकानात आपण दोघी होतो तेव्हा गिऱ्हाईक यायचं आणि दारातूनच विचारायचं, "ताई आहेत का?" मी समोर बसलेली असताना. "वाढत्या डोक्याची टोपी ताईंकडूनच हवी." पोराचं डोकं वाढेल तशी तुझी टोपी उघडायची, तीन थंड्या पुरायची. बरं, बरं. पण तिच्या कानाचे बंद कोण लावायचं? माझे बंद कधी तुटले नाहीत. त्याचं कोणी नाव काढलं नाही.

मी टोपी माझ्याच डोक्यावर घालून आरशात पाहिली. झकास बसली. मग मी आणि भिंगरी ती घेऊन त्यांच्या कामाच्या ठिकाणी गेलो.

तिथे एक खोली आहे, भिंतींना आतून निळ्या फोमची टोकंच टोकं. आत बोललं की आवाज जिथल्या तिथे मरतो. चष्मेवाला म्हणाला, लहरी इकडेतिकडे आपटून परत येऊ नयेत म्हणून. मी म्हटलं, अशी खोली घराघरात हवी. मध्ये टेबलावर डोकं. घाबरू नकोस, खोटं. प्लास्टिकची कवटी, आत जेली भरलेली. पाणी, साखर, मीठ आणि काय काय घालून मेंदूसारखी केलेली, आणि त्यात लिंबाएवढी एक पिशवी, ती रक्ताची गुठळी समजायची. टोपी घालायची आणि यंत्राने ती पिशवी ओळखायची. मला त्या डोक्यापाशी उभं करून फोटो काढला. मुख्य बाईंनी कार्डावर लिहून टेबलाला लावलं, "टोपी : आजी". आजी म्हणजे कोण, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे.

मग भिंगरीच्या टेबलापाशी गेले. समोर भिंतीवर काय लावलंय, ओळख. माझा फोटो? नाही. तिच्यासाठी मी शिवलेले एवढे फ्रॉक, त्यातलं एखादं बटण? नाही. तुझी टोपी. लाल, लोकरी कापडाची, तिच्या सातव्या वर्षाची. चार टाचण्यांनी भिंतीला लावलेली, चुण्या उघडून. चष्मेवाला कौतुकाने सांगत होता, "पहिली अँटेना तिने ही टोपी बघत बघतच काढली." त्याला काय कळतंय की मी कुठे बघत होते.

चार वर्षं तुझ्याकडे राहिली ती. माझी लेक परगावी नोकरीला, मी दुकानात अडकलेली, म्हणून ठेवली होती. ठेवली होती, दिली नव्हती. परत आली ती सुई ओवताना तुझ्यासारखी जीभ दातांत धरून. मी रोज सांगायचे, जीभ आत घे. सत्तावीस वर्षांची झाली, अजून धरते.

तुझा झटका मला माहीत होता, त्यातून पुढे काय निघालं ते त्याच चष्मेवाल्याने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तुला झटका आला, तुमच्या गावात मेंदू बघायचं मोठं यंत्र नव्हतं, गुठळी आहे की शीर फुटलीय हे न कळता औषध देता येईना, आणि सहा तास गाडीत गेले. तेवढ्यात उजवा हात गेला. तिथून परत आल्यावर भिंगरीने हे काम मागून घेतलं. पिशवीत मावेल, कुठल्याही गाडीत, कुठल्याही लहान दवाखान्यात नेता येईल असं यंत्र. म्हणजे हे सगळं तुझ्या हातासाठी चाललंय.

माझे दोन्ही गुडघे गेलेत. त्यावर अजून कोणी काही काढलेलं नाही.

धाकटी


मंगळवार, २५ मार्च

ताई,

या पत्रासोबत दुसरं पाकीट आहे. ते आधी वाच. मग हे वाच. मग वाटल्यास दोन्ही फाड.

ते भिंगरीने तुला लिहिलेलं पत्र आहे. जानेवारीच्या शेवटी तिने माझ्या हातात दिलं, उघडंच. म्हणाली, "आजी, खालीच टपालपेटी आहे. तूही दोन ओळी लिही आणि टाक." मी दोन ओळी लिहायला बसले. आणि आधी तिचं वाचलं. "ताईआजी, तुझ्यासारख्या चुण्या कोणालाच येत नाहीत. हाताची काळजी करू नकोस, तू नुसतं सांग, शिवायला कोणीतरी मिळेल." कोणीतरी. ताई, माझ्या दोन ओळी काही उमटल्या नाहीत. पाकीट बटणांच्या डब्यात गेलं. भिंगरी विचारायची, "ताईआजीचं काही आलं?" मी म्हणायचे, "नाही गं." हे खरंच होतं, नाही का? अशी मी खरी बोलणारी.

आणि मुख्य बाईंनी विचारलं, चुण्यांच्या आजी तुम्हीच ना, तेव्हा मी पाणी दिलं असं लिहिलं होतं. पाणी दिलं. पण आधी "हो" म्हटलं. "हो, मीच."

आता पुढचं ऐक. यंत्राने जेलीतली पिशवी पहिल्या झटक्यात दाखवली. टाळ्या झाल्या. पण त्याच चित्रात डाव्या कानामागे आणखी एक डाग. तिथे काहीच नाही, नुसती जेली. नाही तिथे गुठळी दाखवणारं यंत्र कोण घेईल? सगळ्यांनी अकरा नंबरची अँटेना धरली, कारण ती नेमकी तिथे बसते. भिंगरीने ती बदलली. डाग तिथेच. पुन्हा नवी केली, घड्या मोजून मोजून. डाग तिथेच. दुसरी एक मंडळी आहे तिथे, त्यांच्या अँटेना मोठ्या, सरळ, बिनघडीच्या. त्यांचं यंत्र खोलीत बसवावं लागतं, हलत नाही, पण डाग दाखवत नाही. मुख्य बाई म्हणाल्या, "एप्रिल संपेपर्यंत बघू. नाही तर मोठ्या अँटेना घेऊन पुढे जावं लागेल." भिंगरी माझ्याकडे जेवायला आली आणि ताटासमोर बसून म्हणाली, "आजी, माझी कल्पनाच चुकली असेल गं. चुण्यांत लहर अडकत असेल." पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

गेल्या बुधवारी मी तिचा डबा घेऊन तिथे गेले. खोलीत कोणी नव्हतं. जेलीच्या डोक्यावर माझी टोपी. मी सहज डाव्या कानामागे बोट लावलं. ताई, बोट आत गेलं. कापड तिथे डोक्याला टेकतच नव्हतं. अर्ध्या बोटाची पोकळी. तुझ्यासारख्या चुण्या मला जमेनात म्हणून मी सरळ टाके ओढून कापड गोळा केलं होतं, आणि गोळा केलेलं कापड उभंच राहतं. अकरा नंबरची बिचारी हवेत बघून जे दिसेल ते सांगत होती.

मी बोट काढून घेतलं. डबा ठेवला. घरी आले.

आज सहा दिवस झाले. बोलले तर "हो, मीच" बाहेर येतं, पाकीट बाहेर येतं. नाही बोलले तर पोरीच्या दोन वर्षांच्या कामावर पाणी पडतं. टोपी मागून आणली, चारदा उसवली, चारदा शिवली. पोकळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पण आहेच. मला येत नाही, ताई. कधीच येत नव्हतं. दुकानातही मी तुझ्या टोप्या लपवून उसवून बघायचे, आणि तुला वाटायचं उंदीर.

आणि आता निघालंच आहे तर, भिंगरीला तुझ्याकडून आणली त्या दिवशी मी शाळेच्या फाटकातूनच परस्पर नेली. तुला सांगितलं नाही, कारण घरी आले असते तर तिने तुझा पदर सोडला नसता आणि ते मला बघवलं नसतं. तू जेवायची थांबली असशील. लेकीने नंतर सांगितलं, तू दुसऱ्या दिवशीही फाटकाशी जाऊन उभी होतीस.

उद्या मी भिंगरीला सगळं सांगणार आहे. तू मला चुण्या सांगशील का?

धाकटी


शनिवार, ५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. डाव्या हाताचं अक्षर माझ्या उजव्या हातापेक्षा चांगलं आहे, याचाही मला रागच आला. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालं : "तिन्ही पत्रं मिळाली. पहिल्यातच कळलं होतं, पाणी देताना तू नेहमी खोटं बोलतेस. माप घेताना अंबाडा सोडलास का? नसशीलच. तू टोपी डोक्याची नाही, अंबाड्याची शिवलीस. चुण्या टेबलावर घालत नाहीत, डोक्यावर घालतात, हे तुला चाळीस वर्षं सांगतेय. हात चालत नाही, तोंड चालतं. पत्रातून शिवण शिकवता येत नाही. ये. येताना पांढरा दोरा आण, इथला तुटतो. उंदरांसाठी मी तेव्हा तीन सापळे आणले होते."

अंबाडा सोडला नव्हता. तुला कसं कळतं गं?

भिंगरीला सांगितलं, मुख्य बाईंच्या समोरच, नाही तर माझा धीर सुटला असता. "हो, मीच" सांगून झालं तर भिंगरी म्हणते, "ते मला माहीत होतं. मी जिन्यातच होते, ऐकलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी खूश दिसत होतीस."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण पाकिटाचं सांगितलं तेव्हा ती उठून गेली. तिला वाटत होतं तू तिच्यावर रागावली आहेस, इतक्या दिवसांत आली नाही म्हणून. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी डबा न्यायचे, ती डबा घ्यायची, "ठेव" म्हणायची. तेवढंच. चौथ्या दिवशी डबा रिकामा परत दिला आणि म्हणाली, "मीठ कमी होतं." म्हटलं, चला, सुटले.

मध्यंतरी तिने टोपीच्या पोकळीत जेलीची एक चपटी पुडी कोंबली आणि पुन्हा चित्र काढलं. डाग गेला! नुसती लिंबाएवढी पिशवी, जिथे असायला हवी तिथे. अकरा नंबर निर्दोष सुटली. मुख्य बाईंनी ते चित्र दुसऱ्या मंडळींच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पण पुड्या कोंबून चालायचं नाही, प्रत्येकाच्या कानामागची खोली वेगळी. टोपीच तशी हवी. वाढत्या डोक्याची.

टेबलावरचं कार्ड मी स्वतः बदललं. आता तिथे आहे, "चुण्या : ताईआजी. काजं : आजी." चष्मेवाला म्हणाला, काजं कशाला लिहायची? मी म्हटलं, तारा काय हवेतून जातात?

तर ठरलं असं. मी सोमवारी, चौदा तारखेला, दुपारच्या गाडीने येते. तू खुर्चीवर बस, मी तुझ्या डोक्यावर कापड घालते, तू सांग, मी टाके घालते. तू बोलशील आणि मी ऐकेन. जमेल असं नाही म्हणत, पण सोळा तुकड्यांना जमतं तर बघू. उशी एकच असेल तर मला दे, माझी मान दुखते.

दोन दिवसांत टोपी झाली की ते लोक तिकडेच येणार आहेत, दोन्ही पेट्या घेऊन. बसने येणार, मुद्दाम, यंत्र बसमधून नेता येतं की नाही ते बघायला. पहिलं खऱ्या माणसाचं चित्र काढायचंय. डॉक्टरांचे आणि त्यांच्या कचेरीचे सगळे कागद झालेत, फक्त ज्याचं डोकं त्याची सही हवी. मी म्हटलं, माझंच घ्या, इथल्या इथे आहे. भिंगरी म्हणाली, "आजी, तुझं डोकं ठणठणीत आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. ताईआजीच्या डोक्यात जुनी खूण आहे, ती आमच्या अँटेनांना सापडते का ते बघायचंय."

म्हणजे पुन्हा तूच. झटकाही तुलाच यायचा, आणि चित्रही तुझंच निघायचं.

पण खरं सांगू? ते चित्र मला बघायचंय. त्या सहा तासांत मी कुठे होते, तर इथे, फोनपाशी बसून होते, आणि फोन केला नाही. कुठे लागलं तुला, ते तरी बघू दे.

सही डाव्या हाताची चालेल, मी विचारून घेतलंय. चष्मेवाल्याला जिना नाही हे सांगितलंय, बिचारा सुखावला. येताना भिंगरी ती लाल टोपी भिंतीवरून काढून आणणार आहे. मुख्य बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि मलाही लिहून घ्यायला लावलं, म्हणून तुलाही कळवते : बुधवार, सोळा एप्रिल, सकाळी अकरा वाजता.